न्यायाच्या दिवसाची वाट का पाहायची?

१. प्रश्न

देव प्रेमळ आहे असे ख्रिस्ती धर्म सांगतो, आणि तोच देव एक दिवस सगळ्या माणसांचा न्याय करणार आहे असेही सांगतो. या दोन गोष्टी एकाच देवाबद्दल खऱ्या कशा असतील, हा प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला पडतो, तसाच दर रविवारी चर्चला जाणाऱ्यालाही पडतो. क्षमाच करायची असेल तर खटला कशाला? आणि खटला चालणारच असेल तर क्षमेचे एवढे कौतुक कशाला?

हा विश्वास धर्माच्या एखाद्या कोपऱ्यात पडलेला नाही. इ. स. ३२५ मध्ये नीकिया येथे भरलेल्या धर्मसभेने विश्वासाचे सूत्र ठरवले आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत त्याला पुढचे रूप मिळाले. ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, हे कलम त्या सूत्रात आहे आणि बहुसंख्य चर्चमध्ये ते आजही उपासनेत म्हटले जाते. मात्र लोकांच्या मनात हा दिवस उतरला तो सूत्रातून नव्हे. तो चित्रांतून आणि दरडावणाऱ्या प्रवचनांतून उतरला: वर सिंहासन, खाली ज्वाळा, मध्ये थरथरणारी माणसे. मूळ ग्रंथ उघडले तर या दिवसाची आनंदाने वाट पाहणारी माणसे भेटतात. थरथरणाऱ्यांच्या आधी भेटतात.

२. न्याय हवा असणारी माणसे

बायबलच्या जुन्या करारात तीन प्रकारच्या माणसांचा उल्लेख वारंवार एकत्र येतो: विधवा, अनाथ आणि परका. प्राचीन इस्राएलमध्ये गावच्या वेशीत वडीलधारी मंडळी बसत आणि तंटे सोडवत. तिथे ज्याच्या बाजूने बोलणारा कर्ता पुरुष नसेल त्याचे म्हणणे वाऱ्यावर जाई. लाच चालत असे, मापे खोटी असत. इ. स. पूर्व आठव्या शतकातला संदेष्टा आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. पायताणाच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्या श्रीमंतांवर तो तुटून पडला. अशा समाजात देव न्याय करणार ही बातमी कोणाला गोड लागेल हे उघड आहे. ९६ व्या आणि ९८ व्या स्तोत्रांत तर देव न्यायाला येतो आहे म्हणून समुद्र, नद्या, शेते आणि रानातली झाडे हर्ष करतात.

शेजाऱ्याने वर्षानुवर्षे बांध कोरत आणलेल्या शेतकऱ्याला सरकारी मोजणीचा दिवस कसा वाटत असेल, याचा विचार केला की हा आनंद कळतो. त्याच्यासाठी ती मोजणी म्हणजे शिक्षेचा दिवस नसतो. इतकी वर्षे तो जे सांगत होता ते खरे होते, हे सगळ्या गावासमोर सिद्ध होण्याचा तो दिवस असतो. धास्ती असते ती बांध कोरणाऱ्याला. दिवस एकच, साखळीही एकच. माणूस बांधाच्या कोणत्या बाजूला उभा आहे यावर त्याची रात्रीची झोप ठरते.

आमोसाचा खरा तडाखा इथेच आहे. त्याच्या काळचे लोक परमेश्वराच्या दिवसाची वाट पाहत होते, कारण त्या दिवशी शत्रूंना शिक्षा होईल आणि आपण मात्र सुटू असे त्यांनी धरून ठेवले होते. तो दिवस तुमच्यासाठी उजेडाचा नसेल, अंधाराचा असेल, असे आमोसाने त्यांना बजावले.

पुढे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात प्रश्न आणखी अवघड झाला. अंतियोख चौथा या ग्रीक परंपरेतल्या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि धर्म न सोडणाऱ्या कित्येकांना ठार मारले. जी माणसे इमानाने जगली आणि त्या इमानापायीच मारली गेली, त्यांचा न्याय कुठे होणार? दानीएलाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात मेलेले उठतील अशी स्पष्ट आशा व्यक्त होते, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती या छळाच्या काळातली आहे. म्हणजे पुनरुत्थानाच्या कल्पनेमागे अमर होण्याच्या हौसेपेक्षा न्यायाची मागणी अधिक होती. मृत्यू हाच शेवट असेल तर खुनी कायमचा जिंकला, असा तो हिशेब होता.

३. निनवेला मिळालेले चाळीस दिवस

जुन्या करारातच न्याय आणि दया यांची गाठ घालणारी एक छोटी गोष्ट आहे. ती बहुतेकांना मोठ्या माशामुळे माहीत असते. मासा बाजूला ठेवला तर गोष्ट अशी: निनवे हे अश्शूरी साम्राज्याचे मोठे शहर, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळचे. याच अश्शूरांनी इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडचे राज्य नष्ट केले. ऐकणाऱ्यांच्या लेखी निनवे म्हणजे क्रौर्याची राजधानी. त्या शहराला, चाळीस दिवसांत तुझा नाश होईल, असे जाऊन सांग, अशी आज्ञा देव योना या संदेष्ट्याला करतो. योना उलट्या दिशेचे जहाज पकडतो. अखेर तो निनवेला जातो, इशारा देतो, आणि राजापासून गुराढोरांपर्यंत सगळे शहर उपास धरून पश्चात्ताप करते. देव शिक्षा मागे घेतो.

योना चिडतो, आणि आपण पळालो का होतो हे तेव्हा सांगतो: देव दयाळू आहे, तो माफ करून टाकणार, हे त्याला पहिल्यापासून माहीत होते. आपल्या शत्रूंना माफी मिळावी हे त्याला नको होते. पुस्तक संपते ते देवाच्या प्रश्नावर. उजवे-डावे न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसे आणि इतकी जनावरे या शहरात आहेत, त्यांची कीव मी करू नये का? योनाचे उत्तर पुस्तकात नाही.

इथे एक नियम दिसतो. बायबलमधला न्यायाचा इशारा सहसा खरा ठरू नये म्हणून दिलेला असतो. ते चाळीस दिवस म्हणजे शिक्षेची तारीख होती, तशीच ती मुदतही होती. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेत हे पुस्तक वाचतात. सिरियाक परंपरेतल्या चर्चमध्ये निनवेच्या नावाने तीन दिवसांचा उपास पाळला जातो. केरळमध्ये कुरविलंगाड येथे त्या तीन दिवसांच्या उत्सवात योनाच्या प्रवासाची आठवण म्हणून लाकडी जहाजाची मिरवणूक निघते.

४. न्यायाधीश कोण?

नव्या करारात न्यायाचे काम येशूकडे येते, आणि कल्पनेचा सगळा नूर पालटतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचायला उभा राहतो. गरिबांना शुभवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, देवाच्या कृपेचे वर्ष, इथपर्यंत वाचून तो गुंडाळी मिटतो. यशयाच्या मूळ वाक्यात लगेच पुढे देवाच्या सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख आहे. तो वाचलाच जात नाही. हे लूकने जाणून लिहिले आहे यात फारशी शंका घ्यायला जागा नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा न्यायाधीश स्वतः एका खटल्यात दोषी ठरलेला आहे. यहुदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात अधिकारावर होता. त्याचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरिया येथे सापडला. शुभवर्तमानांनुसार आरोपी निर्दोष आहे हे कळत असूनही त्याने गर्दीच्या दबावाखाली मृत्युदंड दिला. अन्यायी निकाल, खोटे साक्षीदार, कोठडीतली मारहाण, पळून गेलेले मित्र, हे सगळे या न्यायाधीशाने आरोपीच्या जागी उभे राहून पाहिलेले आहे. स्विस धर्मपंडित कार्ल बार्ट यांनी १९५३ साली आपल्या प्रचंड ग्रंथाच्या चौथ्या खंडात या मुद्द्यावर एक सबंध प्रकरण उभे केले: न्याय करणाऱ्यानेच आपल्या जागी न्याय सोसला. शिक्षा झाली, पण ती न्यायाधीशाने स्वतःवर घेतली, हा ख्रिस्ती आशेचा गाभा आहे.

मग निकाल कशावर लागतो? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू मेंढपाळाचे चित्र रंगवतो. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी राष्ट्रे वेगळी केली जातील. विचारणा सहा गोष्टींची होते: भुकेल्याला जेवण, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. कोणता सिद्धांत मान्य केला, किती प्रार्थना केल्या, हे तिथे विचारले जात नाही. राजा सांगतो की त्या क्षुद्र मानल्या गेलेल्या माणसांत मीच होतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक सारखेच चकित होतात. डावीकडच्यांना आपण काही चुकवले हे माहीत नसते, उजवीकडच्यांना आपण काही पुण्य केले याची जाणीव नसते.

५. सहा कोटी दिवसांचे कर्ज

तर मग दयेला काही अटच नाही का? मत्तयच्या अठराव्या अध्यायातला दाखला याचे उत्तर आकड्यांत देतो. एका राजाचा सेवक त्याला दहा हजार तालांत देणे लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार केला तर कर्ज होते ६ कोटी दीनार, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर ते फिटायला दोन लाख वर्षे लागतील. इतिहासकार योसेफस याने येशूच्या काळातल्या गालील आणि पेरिया या प्रांतांचा वार्षिक महसूल २०० तालांत दिला आहे. त्या मापाने हे कर्ज पन्नास वर्षांच्या महसुलाइतके भरते. ऐकणाऱ्यांना आकडा ऐकूनच हसू आले असेल.

सेवक पाया पडतो, मुदत मागतो, सगळे फेडीन म्हणतो. राजाला कळवळा येतो आणि तो मुदत न देता सगळे कर्जच सोडून देतो. बाहेर पडल्यावर त्या सेवकाला एक सोबती भेटतो. त्याच्याकडे याचे १०० दीनार येणे असते, म्हणजे सोडून दिलेल्या कर्जाचा सहा लाखावा भाग. सोबतीही पाया पडतो, त्याच शब्दांत मुदत मागतो, आणि हा त्याची मानगूट धरून त्याला तुरुंगात टाकतो. राजाच्या कानावर गेल्यावर माफी रद्द होते.

दाखल्याचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे. माफी मिळवण्यासाठी काहीच करावे लागले नव्हते. ती गमावली गेली ती स्वतःपाशीच अडवून ठेवल्यामुळे. शंभर दीनार ही काही किरकोळ रक्कम नव्हे, शंभर दिवसांचा घाम आहे. दुसऱ्याने केलेला अन्याय खोटा आहे असे दाखला म्हणत नाही. पण जो स्वतः दयेवर सुटला त्याने दुसऱ्याला नियमावर बोट ठेवून धरावे, हे त्या राज्यात चालत नाही. नव्या करारातले याकोबाचे पत्र हेच दोन्ही बाजूंनी मांडते: दया न करणाऱ्याचा न्याय दयेविना होईल, आणि दया न्यायावर मात करते.

६. आग कसली?

न्यायाबरोबर आग येते, आणि शतकानुशतकांचा वाद या आगीभोवती आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल एका इमारतीचे उदाहरण देतो. कोणी सोन्याचांदीने बांधतो, कोणी लाकूड, गवत, पेंढा वापरतो. त्या दिवशी आग प्रत्येकाच्या बांधकामाची पारख करील. ज्याचे काम जळेल त्याचे नुकसान होईल, पण तो स्वतः वाचेल, आगीतून निसटल्यासारखा. इथे जळते ते माणसाचे खोटे काम.

याच धाग्यावरून तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा विद्वान ओरिगेन फार पुढे गेला: ही आग शुद्ध करणारी आहे आणि शेवटी सगळेच देवाकडे परततील, असे त्याने सुचवले. त्याच्या नावाशी जोडलेली मते ५५३ च्या सुमारास धिक्कारली गेली. निस्साचा बिशप ग्रेगरी याचीही आशा जवळपास तीच होती, पण त्याला संतपदावरून कोणी हटवले नाही. पश्चिमेत बिशप ऑगस्टीनचा शब्द चालला. त्याने ४२६ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात अशा कनवाळू ख्रिस्ती लोकांना, जरा चिमटे काढतच, उत्तर दिले आणि सार्वकालिक शिक्षेची बाजू मांडली. पुढे रोमन परंपरेत शुद्धिस्थानाची शिकवण १२७४ च्या लियाँच्या आणि १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या सभांत आखली गेली: देवाच्या मैत्रीत मेलेली पण अजून पुरती शुद्ध न झालेली माणसे तिथे शुद्ध होतात. मुळात ही आशेची शिकवण होती. तिच्यावर पापदंडमाफीच्या पत्रांची विक्री सुरू झाली तेव्हा १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आवाज उठवला, आणि प्रोटेस्टंट परंपरेने शुद्धिस्थान नाकारले.

या सगळ्यांत सर्वांत कोवळा आणि सर्वांत धाडसी आवाज सातव्या शतकातल्या इसहाकाचा आहे. तो मूळचा आजच्या कतारच्या परिसरातला, आणि काही महिने बिशप होता तो योनाच्याच निनवेचा. लवकरच पद सोडून तो एकांतात गेला. त्याच्या मते नरकातली वेदना देवाच्या प्रेमाचीच आहे: ज्या प्रेमाशी आपण प्रतारणा केली ते पुरते ओळखल्यावर होणारा दाह. प्रेम सर्वांवर सारखे पडते. संतांना त्याचा आनंद होतो, पाप्यांना चटका बसतो. देवाला माणसाच्या अर्थाने न्यायी म्हणूच नका, असेही तो सांगतो, आणि पुरावा म्हणून द्राक्षमळ्याचा दाखला देतो. तिथे दिवसभर राबलेल्याला एक दीनार आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दीनार मिळतो. तासांच्या हिशेबाने दुसऱ्याला बारावा हिस्सा मिळाला असता, आणि तेवढ्यात त्याच्या घरी चूल पेटली नसती. इसहाकाच्या लेखनाचा हरवलेला मानला गेलेला दुसरा भाग १९८३ साली ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात सापडला. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याचे नाव रोमन संतांच्या यादीत घातले.

७. दोन भिंती

फ्रान्समधल्या ओतँ येथील कॅथीड्रलच्या दारावर ११३० च्या सुमारास कोरलेला अंतिम न्याय आहे. त्यात आत्मे तराजूत तोलले जातात आणि सैतान पारड्याला लोंबकळून वजन ओढू पाहतो. १७६६ साली तिथल्याच पाद्र्यांना हे शिल्प ओबडधोबड वाटले आणि त्यांनी ते गिलाव्याखाली झाकले. त्यामुळेच ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या मोडतोडीतून वाचले.

इस्तंबूलच्या खोरा चर्चमध्ये (आज ती मशीद आहे) १३१५ ते १३२१ च्या दरम्यान रंगवलेली एक बाजूची दफनशाळा आहे. तिच्या घुमटाकार छतावर अंतिम न्याय आहे, आणि त्याला लागूनच, पुढच्या अर्धगोल कोनाड्यात, ख्रिस्त पाताळाची दारे तुडवून आदाम आणि हव्वा यांना मनगटे धरून थडग्यांतून वर ओढतो आहे. न्यायाच्या चित्रातही सिंहासनाच्या दोन बाजूंना मरिया आणि योहान बाप्तिस्मा करणारा माणसांसाठी विनवणी करताना उभे आहेत. पश्चिमेच्या चित्रकारांनी भीती जास्त चांगली रंगवली, यात वाद नाही. पण न्याय आणि सुटका एका नजरेत बघायची असेल तर या भिंतीला तोड नाही.

८. सगळेच वाचतील का?

स्विस कॅथलिक विचारवंत हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी १९८६ साली एका छोट्या पुस्तकात हा प्रश्न घेतला आणि बराच गदारोळ उडवला. सगळे वाचतील असे ठामपणे सांगता येत नाही, असे ते म्हणतात. पण सगळे वाचावेत अशी आशा धरता येते, आणि धरायलाच हवी. नरक रिकामा आहे असे चर्चने कधी जाहीर केलेले नाही. पण कॅथलिक चर्चकडे संत म्हणून जाहीर केलेल्यांची लांबलचक यादी आहे, आणि अमुक माणूस नरकात आहे असे सांगणारी एका नावाचीही अधिकृत यादी नाही.

दया एवढी मोठी असेल तर पीडितांचे काय, असा उलट प्रश्न इथे उभा राहतो, आणि तो कमी वजनाचा नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या आशेवरील परिपत्रकात त्याला उत्तर दिले. कृपा न्याय रद्द करत नाही. शेवटच्या पंगतीत अत्याचारी माणूस काही घडलेच नाही अशा थाटात आपल्या बळीच्या शेजारी बसणार नाही. युगोस्लाव्हियातल्या युद्धाची झळ पाहिलेले क्रोएशियाचे धर्मपंडित मिरोस्लाव्ह वोल्फ १९९६ च्या पुस्तकात आणखी पुढे जातात. ज्याचे गाव जाळले गेले त्याला, देव कोणाचाही न्याय करत नाही, हे सांगणे क्रूर आहे असे त्यांना वाटते. न्याय देव करील असा भरवसा असेल तरच माणसाला स्वतःच्या हातातले हत्यार खाली ठेवता येते. रोमकरांना लिहिताना पौलाने सूड देवावर सोपवा म्हटले ते याच अर्थाने.

९. माणसाने तो अधिकार घेतला तेव्हा

या शिकवणीचे दोन्ही परिणाम एकाच शहरात, जुन्या गोव्यात, शेजारी शेजारी दिसले. मत्तयमधल्या सहा कामांत मृतांचे दफन हे सातवे काम मिळवून मध्ययुगात दयेच्या सात शारीरिक कामांची यादी झाली होती. त्या यादीवर उभी राहिलेली मिझेरिकॉर्दिया ही बंधुसंस्था १४९८ साली लिस्बनमध्ये स्थापन झाली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. गरीब, आजारी, विधवा आणि कैदी यांना मदत करणे, फाशी जाणाऱ्याला शेवटपर्यंत सोबत देणे आणि बेवारस प्रेते पुरणे ही तिची कामे होती. त्याच शहरात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. त्याने देवाचा न्याय स्वतःच्या हातात घेतला, आणि त्याची झळ नव्याने ख्रिस्ती झालेल्या हिंदू व यहुदी घराण्यांना सर्वांत जास्त लागली. तिथे कैदेत पडलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याने १६८७ साली छापलेल्या वृत्तांतात शिक्षेच्या मिरवणुकीतल्या निशाणाचे वर्णन केले आहे. त्यावर न्याय आणि दया हे दोन्ही शब्द होते. योनाला निदान शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता. या मंडळींकडे तो होता.

गोव्यातले इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. लिस्बनची मिझेरिकॉर्दिया आजही वृद्ध, आजारी आणि निराधार लोकांसाठी काम करते.